एकटी म्हणजे लोनली नव्हे

५ मार्च

चि. शहाण्यास,

आशीर्वाद आहेतच, ते पत्राच्या शेवटी घे. आधी भांडण.

आमच्या वसाहतीच्या कार्यालयाने परिपत्रक काढलं, की जे निवृत्त कर्मचारी एकटे राहतात त्यांनी तसं लेखी कळवावं. एवढंच. उद्या कोणी न्हाणीघरात घसरून पडलं तर दार उघडायला कोणी जायचं, हे त्यांना ठाऊक असावं म्हणून. तिथली लिखापढी सगळी इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी ‘होल्ड द लाइन’ला सुरू होतं आणि ‘नंबर एंगेज आहे’ला संपतं. म्हणून तुला कळवलं की बाबा रे, मी एकटी राहते, असं दोन ओळींत लिहून दे. घराण्यात इंग्रजीचं बक्षीस मिळवणारा तूच एक. तू लिहून पाठवलंस, मी डोळे मिटून सही केली आणि देऊन आले.

काय लिहिलंस रे? मी लोनली आहे म्हणून?

मंगळवारी कडी वाजली. दारात कल्याण विभागाच्या एक बाई. त्या सतत हसत असतात, म्हणून मी त्यांना हसऱ्या बाईच म्हणते. आत आल्या, माझा हात हातात घेतला आणि सोडेचनात. मला वाटलं, कोणीतरी गेलं आणि ही बातमी सांगायला आली आहे. तर म्हणतात कशा, आता तुम्ही एकट्या नाही. अगं बाई, पण मला एकटंच राहायचंय ना. गुरुवारी पत्त्यांचा जोड घेऊन पुन्हा हजर. मी सांगितलं की मी मजेत आहे, तर त्या म्हणाल्या की लोनली माणसं सुरुवातीला असंच म्हणतात.

तुला माहीत आहे, अख्खी नोकरी मी टेलिफोनच्या बोर्डावर काढली. दिवसभर कानात लोकांची बडबड, याला जोड, त्याला तोड. निवृत्त झाले त्याच दिवशी घरचा फोन काढून टाकला, म्हणून तर आपण अजून पत्रं लिहितो. सकाळी उठावं, खिडकीत चहा घेऊन बसावं आणि दुपारपर्यंत कोणाशी एक शब्द बोलावा लागू नये, याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात नाही.

आणि हे सुखच जायची वेळ आली आहे. इथे ‘सोबत योजना’ नावाचं एक खूळ आहे. लोनली बायकांना दोघी-दोघी करून तळमजल्यावरच्या एकेका खोलीत ठेवतात. माझी तिसऱ्या मजल्यावरची खोली काढून घेणार आणि मला खाली ढकलणार. सोबतीणही ठरली आहे. आमच्याच बोर्डावरची, जिला आम्ही सगळ्या रेडिओ म्हणायचो. ती झोपेतसुद्धा बोलते. सोळा एप्रिलला समिती बसेल आणि शिक्का मारेल. मी तोंडी सांगून पाहिलं, पण लेखी दिलेलं लेखीच खोडायला लागतं म्हणे.

तेव्हा ताबडतोब नवं पत्र लिहून पाठव. आणि या वेळी बायकोला दाखवून घे. ती शाळेत इंग्रजी शिकवते आणि तू औषधाच्या खोक्यांतल्या चिठ्ठ्या तपासतोस. फरक आहे.

आशीर्वाद.
तुझी आत्या

११ मार्च

ती. आत्या,

तू उगाच राईचा पर्वत करते आहेस. अलोन काय आणि लोनली काय, सख्ख्या बहिणी आहेत. शब्दकोशात लोनलीच्या खाली अलोन दिलेलं मी स्वतः पाहिलं. शिवाय अर्ज थोडा केविलवाणा असला की काम लवकर होतं, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. तुझं काम जरा जास्तच लवकर झालं, एवढंच.

असो. नवं पत्र सोबत जोडलं आहे. या वेळी ‘आयसोलेटेड’ हा शब्द वापरला आहे. हा चांगला भारदस्त शब्द आहे, त्यात रडगाणं नाही. मी सगळ्यांपासून वेगळी राहते आणि मला तसंच राहू द्यावं, असा सरळ अर्थ होतो. आमच्या चिठ्ठ्यांमध्ये तो रोज येतो.

हिला दाखवायचं राहिलं. ती सध्या परीक्षांच्या कामात आहे. बरी आहे. घर अगदी शांत असतं, मला हवा तेवढा वेळ मिळतो, म्हणून तर तुला लगेच उत्तर लिहू शकलो.

शहाण्या

२० मार्च

चि. शहाण्यास,

मी हात टेकले.

तुझं भारदस्त पत्र दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं तोंडाला फडकं बांधून दारात उभी. हसऱ्या बाई त्यांच्या मागे, चार पावलं लांब, पण हसत होत्या. तोंडावर फडकं असूनही ते कळत होतं. माझा ताप बघितला. घसा बघितला. जीभ बाहेर काढायला लावली. कुठे कुठे जाऊन आलात, कोणाकोणाला भेटलात, असं विचारायला लागले. मी म्हटलं, मी कोणालाच भेटत नाही, तीच तर माझी मागणी आहे. त्यांनी मान डोलावली आणि ते कागदावर लिहून घेतलं.

जाताना दारावर पिवळा कागद चिकटवून गेले. दूधवाला आता पिशवी जिन्यात ठेवून पळतो. शेजारीण माझ्याशी भिंतीपलीकडून बोलते, ते मला चालेल, पण ती ओरडून बोलते. तुझ्या औषधांच्या चिठ्ठ्यांमध्ये हा शब्द रोज येतो म्हणालास ना? येणारच. संसर्गाचा आजार झालेल्यांना वेगळं ठेवतात, त्याला हा शब्द. हे मला डॉक्टरने सांगितलं, आणि तेही दारातूनच.

आता नीट ऐक, कारण मला हे पुन्हा लिहायचं नाही. तू म्हणतोस अलोन आणि लोनली सख्ख्या बहिणी. अरे, इंग्रजीचं राहू दे, मराठीत तरी एकटं आणि एकाकी एकच आहेत का? मी एकटी राहते. मी एकाकी नाही. एकटं राहणं हे खोलीत किती माणसं आहेत त्यावर ठरतं. एकाकी वाटणं त्यावर ठरत नाही. आमच्या बोर्डावर एक बाई होती. दोन्ही बाजूंना माणसं, कानात माणसं, घरी भरलेलं कुटुंब, आणि जेवणाच्या सुट्टीत रोज रडायची. तिच्याबद्दल कोणी लोनली लिहिलं असतं तर मी सही केली असती.

बायकोला दाखव म्हणून मी सांगितलं होतं. परीक्षा काय चोवीस तास चालतात? एक कागद वाचायला तिला किती वेळ लागणार? तू विचारलंच नसशील, तुझा अहंकार आड येत असेल. माझी खोली जायची पाळी आली आहे आणि तू आपलं इंग्रजी मिरवतो आहेस.

आत्या

२४ मार्च

ती. आत्या,

चूक झाली, कबूल. पिवळ्या कागदाबद्दल मला खरंच वाईट वाटतं.

पण आता मला नेमका शब्द सापडला आहे, आणि इतके दिवस तो डोळ्यांसमोर असून दिसला नाही याचंच नवल वाटतं. ‘सिंगल’. हॉटेलात एका माणसाच्या खोलीला सिंगल रूम म्हणतात की नाही? म्हणजे एकटा माणूस, एक खोली, प्रश्न मिटला. यात रोग नाही आणि रडणंही नाही. मी लिहिलं आहे की मी सिंगल आहे, मला सिंगल खोलीच हवी, आणि याबद्दल प्रत्यक्ष भेटून बोलायला मला आनंद होईल. शेवटचं वाक्य सौजन्य म्हणून टाकलं.

तू बोर्डावरच्या बाईबद्दल लिहिलंस ते दोनदा वाचलं. दोन्ही बाजूंना माणसं असताना कोणी एकाकी कसं असेल, हे मला अजून पटत नाही. माणसं होती ना तिथे?

ही मजेत आहे. तुझी चौकशी करत होती.

शहाण्या

२ एप्रिल

चि. शहाण्यास,

ताप नाही म्हणून पिवळा कागद काढला, आणि शनिवारी संध्याकाळी हसऱ्या बाईंनी मला चहाला बोलावलं. तुझ्या पत्राबद्दल प्रत्यक्ष बोलायचं असेल म्हणून मी चांगली साडी नेसून गेले. मेजावर दोन कप, बिस्किटं, मध्ये एक फूल, आणि समोर आमच्या खात्यातले निवृत्त लाइनमन, कडक इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. बाई म्हणाल्या, तुम्ही दोघंही सिंगल आहात, बोला मोकळेपणाने. आणि दार लोटून निघून गेल्या.

तो भला माणूस बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. त्याच्या सुनेने त्याचा अर्ज लिहिला होता. आम्ही जुन्या खांबांबद्दल आणि तुटलेल्या तारांबद्दल थोडं बोललो, चहा संपवला आणि एकमेकांची माफी मागून निघालो. आता अख्खी वसाहत माझ्याकडे बघून खाकरते.

लाज या गोष्टीची वाटत नाही. संताप याचा येतो, की चौदा दिवसांनी समिती बसणार आहे आणि तिच्यापुढे माझ्या सहीची तीन पत्रं असतील. एकात मी दुःखी आहे, दुसऱ्यात आजारी आणि तिसऱ्यात लग्नाला उभी. असल्या बाईला कोण एकटीला ठेवेल? मी समितीत असते तर मीसुद्धा ठेवलं नसतं.

तू आता एक अक्षर लिहू नकोस. मी सूनबाईंनाच लिहिते. घरच्या पत्त्यावर पाठवलं तर तू मध्ये लुडबुड करशील, म्हणून थेट शाळेच्या पत्त्यावर पाठवते.

आत्या

४ एप्रिल

ती. आत्या,

कृपा करून शाळेच्या पत्त्यावर पत्र पाठवू नकोस. पाठवलं असशील तर तिला कळव की काम झालं. शाळेत खाजगी पत्रं आलेली तिला आवडत नाहीत. ती फार कामात आहे. मी रजा काढून स्वतः येतो आणि समितीला तोंडी समजावतो. पण तिला यात घेऊ नकोस.

हे तू ऐकशील ना?

शहाण्या

८ एप्रिल

ती. आत्यांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. ते शाळेत पाठवलंत हे बरं केलंत, कारण घरच्या पत्त्यावर मी नसते. ऑक्टोबरपासून मी माझ्या बहिणीकडे राहते. त्याने तुम्हाला कळवलं असेल असं मी धरून चालले होते. तुमच्या पत्रात ‘तुम्ही दोघं’ वाचलं आणि लक्षात आलं की तुम्हाला काहीच माहीत नाही. हे माझ्याकडून कळावं लागलं याचं वाईट वाटतं.

आधी तुमचं काम. सोबतच्या कागदावर तीनच वाक्यं आहेत. ‘आय लिव्ह अलोन. आय लाइक इट. आय वॉन्ट टु कीप माय रूम.’ मी एकटी राहते, मला ते आवडतं, मला माझी खोली हवी आहे. खाली सही करा आणि आधीची तिन्ही पत्रं रद्द समजावीत असं बाईंना सांगा. याहून जास्त एक शब्दही घालू नका. आमच्या मुलांना मी हेच सांगते, की शब्द सापडला की थांबावं.

तुम्ही विचारलंत की अलोनसाठी त्याने लोनली का लिहिलं, त्याला खरंच एवढं कळत नाही का. हसू आलं, आणि मग हसू गेलं. आत्या, आमच्यात भांडण म्हणावं असं काही झालं नाही. तो वाईट वागला नाही. संध्याकाळी कामाचे कागद घरी आणायचा, भिंग लावून बारीक अक्षरं वाचत बसायचा, आणि मी समोर बसलेली असायचे. मी त्याला किती वेळा सांगितलं की मला या घरात फार एकटं वाटतं. तो मान वर करून म्हणायचा, एकटी कुठे आहेस, मी आहे ना घरात. अगदी मनापासून म्हणायचा. माझं वाक्य चुकलं आहे आणि ते दुरुस्त केलं की झालं, असं त्याला वाटायचं.

आता तोच माणूस तुम्हाला लोनली म्हणतो. ज्या शब्दाची मला गरज होती, तो त्याने तुम्हाला दिला.

तुमची खोली राहावी असं मनापासून वाटतं. काय झालं ते कळवा.

तुमची सून (अजून आहे, म्हणून तसंच लिहिते)

१७ एप्रिल

चि. शहाण्यास,

खोली राहिली. काल समितीने सूनबाईंचं पत्र मोठ्याने वाचलं. तीन वाक्यं, संपलं. अध्यक्षांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. हसऱ्या बाई थोड्या खट्टू झाल्या, पण त्यांनीच माझ्या बाजूने हात वर केला. रेडिओला दुसरी सोबतीण मिळाली आहे आणि दोघी एकाच वेळी बोलतात असं ऐकते. छान चाललंय म्हणे.

आता तू.

ऑक्टोबर ते एप्रिल. एवढे महिने तू मला ‘ही बरी आहे’, ‘ही मजेत आहे’, ‘तुझी चौकशी करत होती’ असं लिहीत राहिलास. माझ्या तोंडावर खोटं. मी तुझी एवढी परकी झाले का रे? मी तुला परत परत सांगते आहे की बायकोला दाखव, बायकोला दाखव, आणि तुला एकदाही लिहावंसं वाटलं नाही की आत्या, ती घरात नाही. काल रात्री तुझी सगळी पत्रं काढून वाचली आणि माझं डोकं फिरलं. आधी तुझ्यावर, मग माझ्यावर. ‘घर अगदी शांत असतं’ म्हणून तू लिहिलंस आणि मी मनात म्हटलं, नशीबवान आहे. शांत घर म्हटलं की मला सुखच आठवतं. तुझ्या घरातली शांतता दुसरी असेल, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

तिचं पत्र तुला पाठवत नाही, ते मला आलेलं आहे. पण एक सांगते. ती तुला म्हणायची की मला एकटं वाटतं, आणि तू म्हणायचास, मी आहे ना घरात. तुला वाटायचं तू तिला धीर देतो आहेस. अरे गाढवा, ती खोलीतली माणसं मोजत नव्हती.

उत्तर लिही. आणि खरं लिही.

आत्या

२२ एप्रिल

ती. आत्या,

खरं लिहितो.

‘मी एकटी राहते असं लिहून दे’ हे तुझं पत्र आलं तेव्हा मी ओट्याशी उभा राहून ब्रेड खात होतो. बसून जेवायचं मी सोडलंच आहे, समोरची खुर्ची दिसते. कामावरून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या तोंडातून आवाज निघत नाही. कधी कधी खोक्यावरची सूचना मोठ्याने वाचतो, घसा चालतो का ते बघायला. तुझं पत्र वाचून मी लगेच लिहायला बसलो आणि लोनली लिहिलं. शब्दकोश मी नंतर पाहिला, तू रागावल्यावर. त्या क्षणी मला दुसरा शब्द आठवलाच नाही. एकटी म्हणजे आणखी काही असू शकतं हेच माझ्या लक्षात आलं नाही.

तिला लिहायचा प्रयत्न करतो. चार वेळा लिहिलं. वाक्य बरोबर होतं आणि मग फाडतो. काल एक फाडलं नाही. त्यात एवढंच आहे की तू म्हणत होतीस ते मला आता कळलं, आणि ते कळायला मला तू नसलेलं घर लागलं. परत ये असं लिहिलेलं नाही. तो हक्क मला आहे का, हे माहीत नाही. पाठवू का?

तुझ्या खोलीचं ऐकून खूप बरं वाटलं. माझ्यामुळे ती गेली असती तर मी तुला तोंड दाखवलं नसतं.

शहाण्या

२७ एप्रिल

चि. शहाण्यास,

पाठव. एक अक्षर बदलू नकोस आणि पुन्हा वाचायला बसू नकोस, नाहीतर दुरुस्त करशील. ती उत्तर देईल की नाही ते मला माहीत नाही. नाही दिलं तर तिच्यावर रागवायचं नाही. तिने पुष्कळ दिवस उत्तराची वाट बघितली आहे.

दुसरं. पुढच्या शनिवारी इथे यायचंस आणि रविवार राहायचंस. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मला सोबत नको आहे हे तुला सगळ्यांत चांगलं ठाऊक आहे, त्यासाठी मी दोन महिने साऱ्या वसाहतीशी भांडले. तरी ये. सकाळी मी खिडकीत बसते तेव्हा बोलत नाही, तेवढं सांभाळ. जेवताना मात्र बसून जेवायचं आणि बोलायचं. काय बोलायचं ते तुझं तू बघ, चिठ्ठ्यांबद्दल बोललास तरी मी ऐकेन.

माझ्या खोलीत खुर्ची एकच आहे. म्हणून काल कार्यालयात जाऊन दुसरी मागितली. हसऱ्या बाई म्हणाल्या, खुर्ची मिळेल, पण अर्ज द्या आणि कारण लिहा. तुझी वाट बघत बसले नाही. तिथेच त्यांचं पेन घेतलं आणि माझ्या इंग्रजीत एका ओळीत लिहिलं, की माझा भाचा लोनली आहे.

बाईंनी शब्दाचा अर्थ विचारला नाही. संध्याकाळी खुर्ची आली.

आत्या